बोर्डिंगातली मैत्री आणि बंडाची किंमत

‘बोर्डिंग’ हा इंग्रजी शब्द मराठीत येऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. पण तो सगळ्या घरांत एकाच अर्थाने शिरला नाही. पाचगणीच्या शाळेत पैसे भरून मुलगा पाठवणाऱ्या घरात बोर्डिंग म्हणजे शिस्त, खेळ आणि इंग्रजी. आमच्या घरात बोर्डिंग म्हणजे दोन वेळची भाकरी, निजायला छप्पर आणि जवळ हायस्कूल. घरातले खाणारे एक तोंड कमी व्हावे आणि पोरगे शिकावे, अशा दुहेरी हिशेबाने आई पोराची वळकटी बांधायची.

बोर्डिंगच्या कथा हा इंग्रजी साहित्यात एक स्वतंत्र प्रकार मानला जातो. लहान मुलगा घर सोडून येतो, त्याला मित्र मिळतो, शत्रू मिळतो, तो नियम मोडतो, शिक्षा भोगतो आणि मोठा होऊन बाहेर पडतो. आमच्या आत्मकथनांतही हा साचा वरवर पाहता सापडतो. त्यामुळे दोन्ही एकाच फूटपट्टीने मोजण्याचा मोह होतो. ‘मैत्री आणि बंडखोरी ही कुमारवयाची सार्वत्रिक वैशिष्ट्ये आहेत’ असे वाक्य लिहून विद्यार्थी मोकळे होतात, आणि आम्ही शिक्षकही त्याखाली बरोबरची खूण करतो. या लेखात त्या वाक्याची तपासणी करायची आहे. मैत्री आणि बंड सगळीकडे असते हे खरे. पण बंड फसले तर त्याची किंमत कोणाला भरावी लागते, यावर त्या मैत्रीचे रूप ठरते, असे माझे म्हणणे आहे.

१. रग्बीचे फाटक

या प्रकाराची वाट पाडणारे पुस्तक म्हणजे थॉमस ह्यूज यांची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ही १८५७ सालची कादंबरी. ह्यूज स्वतः रग्बी शाळेत शिकले. डॉ. थॉमस आर्नल्ड हे तेव्हाचे मुख्याध्यापक. लॉरेन्स शेरिफ नावाच्या लंडनच्या एका किराणा व्यापाऱ्याने १५६७ साली मागे ठेवलेल्या पैशातून, गावच्या मुलांसाठी म्हणून ही शाळा निघाली होती. टॉम तिथे दाखल होतो तोपर्यंत ती सधन घरच्या मुलांची शाळा झालेली होती.

टॉमला हॅरी ईस्ट नावाचा मित्र मिळतो. दोघांवर फ्लॅशमन नावाचा दांडगट मुलगा जुलूम करतो. एकदा तर तो टॉमला पेटत्या चुलाण्यासमोर धरून भाजतो. त्या शाळेत लहान मुलांनी मोठ्या मुलांची चाकरी करण्याची रीत होती. हा हक्क सर्वांत वरच्या वर्गाचा. पण त्याखालच्या वर्गातली मुलेही तो बळकावून बसली होती. टॉम आणि ईस्ट त्यांची चाकरी नाकारतात, खोलीचे दार लावून घेतात, मार खातात, पण हटत नाहीत.

हे बंड खरे आहे आणि वाचताना आपणही त्यांच्या बाजूने उभे राहतो. मात्र ते नीट पाहावे. चाकरी घेण्याच्या हक्कावर ते हल्ला करीत नाही. ज्यांचा हक्क नाही त्यांनी तो वापरला, एवढीच त्याची तक्रार आहे. वरच्या वर्गाचा हक्क शाबूत राहतो. यथावकाश टॉमही त्या वर्गात पोहोचतो, क्रिकेटच्या संघाचा कप्तान होतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. नियम मोडून मोडून टॉम आणि ईस्ट शाळेतून काढले जाण्याच्या बेतास येतात. तेव्हा डॉ. आर्नल्ड काय करतात? ते टॉमला काढत नाहीत. जॉर्ज आर्थर नावाचा नवा, अशक्त, भित्रा मुलगा त्याच्या हाती सोपवतात. त्याला सांभाळता सांभाळता टॉम स्वतः सुधारतो. म्हणजे फसलेल्या बंडखोराला तिथे शिक्षा म्हणून एक मित्र मिळतो! बंडाची किंमत संस्था स्वतःच्या खात्यात मांडते, कारण हा मुलगा उद्या आपलाच कारभार चालवणार आहे हे तिला ठाऊक असते.

तो कारभार कोठे चालायचा, तेही कादंबरीतच आहे. अखेरीस ईस्ट पलटणीत दाखल होऊन हिंदुस्थानात येतो. रुडयार्ड किपलिंगच्या ‘स्टॉकी अँड कंपनी’त (१८९९) हे आणखी उघड आहे. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाने आपल्याच शाळेतली तीन मित्रांची टोळी रंगवली. ती टोळी मास्तरांना चकवते, शेजारच्या वसतिगृहाच्या छतात मेलेले मांजर दडवून त्यांना दुर्गंधीने हैराण करते. शेवटच्या प्रकरणात स्टॉकी हिंदुस्थानच्या सरहद्दीवर लष्करी अधिकारी आहे, आणि शाळेतलीच युक्ती तो लढाईत वापरतो. शाळेतले बंड ही सत्तेची तालीम होती. ज्यांच्यावर सत्ता गाजवायची ते लोक गोष्टीच्या कडेला उभे होते. त्यांत आपले आजे-पणजेही होते.

२. जिथे केस कापले गेले

आता त्याच काळातली, पण उलट्या बाजूने लिहिलेली दोन पुस्तके घेऊ. अमेरिकेत १८७९ साली कार्लाइल येथे आदिवासी मुलांसाठी मोठी निवासी शाळा निघाली. तिचे संस्थापक रिचर्ड प्रॅट यांचे धोरण असे होते की, मुलातला आदिवासी मारायचा म्हणजे माणूस वाचेल. पुढे अशा शेकडो शाळा चालल्या. तिथे घरची भाषा बोलायला बंदी, घरचे नाव पुसलेले, घरचे कपडे काढून घेतलेले.

झित्काला-शा ही डकोटा समाजाची मुलगी १८८४ साली, आठ वर्षांची असताना, इंडियाना राज्यातल्या अशाच एका मिशनरी शाळेत गेली. १९०० साली तिने त्या दिवसांच्या आठवणी मासिकातून प्रसिद्ध केल्या. पहिल्याच दिवशी तिची मैत्रीण जुडेविन तिला बातमी देते की आज आपले केस कापणार आहेत. त्यांच्या समाजात केस कापले जात ते सुतकात, किंवा भित्र्या माणसाचे. जुडेविन म्हणते, ते बलवान आहेत, आपल्याला ऐकावेच लागेल. ही म्हणते, मी झुंजणार. ती पलंगाखाली लपते. तिला ओढून काढतात, खुर्चीला बांधतात आणि वेण्या कापतात. पुढे एकदा स्वयंपाकघरात तिला शलगम कुटायला बसवतात, तेव्हा ती रागाने इतके कुटते की बरणीचा तळ फुटून सगळे जमिनीवर सांडते. त्या रात्री कोणाच्याच ताटात शलगम येत नाही. तिचे बंड ते एवढेच, पण त्याचा आनंद तिला वर्षानुवर्षे पुरला.

येथे मैत्रीचे रूप पाहा. जुडेविन भित्री नाही, फितूरही नाही. तिनेच धोक्याची सूचना दिली. फक्त तिने किमतीचा अंदाज आधी घेतला होता. एक मैत्रीण लढा म्हणते, दुसरी निभावून न्या म्हणते, आणि दोघी एकाच संकटात असतात. रग्बीच्या गोष्टीत ही अडचण टॉम आणि ईस्ट यांच्यामध्ये कधी उभी राहत नाही.

१९०० सालीच ओमाहा समाजातल्या फ्रान्सिस ला फ्लेश यांचे ‘द मिडल फाइव्ह’ हे पुस्तक आले. नेब्रास्कातल्या मिशन शाळेतल्या पाच मित्रांची ही हकीकत आहे. प्रस्तावनेत लेखक सांगतो की, गावातल्या मित्रांऐवजी शाळेतले मित्र मी मुद्दाम निवडले. पिसे आणि रंग पाहिले की गोऱ्या वाचकाला रानटी माणूस दिसतो, गणवेश असला तर निदान पोर पोरासारखे दिसेल. माणूस म्हणून ओळख पटवण्यासाठी दुसऱ्याचे कपडे घालावे लागतात, हे दुःख आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. या पुस्तकातही खोड्या आहेत, रात्री चोरून बाहेर पडणे आहे. पण त्याचा शेवट क्रिकेटच्या सामन्याने होत नाही. पाचांतला सर्वांचा लाडका ब्रश आजारी पडून मरतो. हा शेवट लेखकाने करुण रस आणण्यासाठी योजला, असे कोणी म्हणू नये. अमेरिकी सरकारच्या चौकशीने २०२४ साली या शाळांत दगावलेल्या किमान ९७३ मुलांची नोंद केली, आणि त्याच वर्षी त्या देशाच्या अध्यक्षांनी या धोरणाबद्दल माफी मागितली.

३. आमचे बोर्डिंग मागून घेतलेले

आमचे बोर्डिंग या दोहोंहून वेगळे. रग्बी हे मालकांच्या मुलांचे, कार्लाइल हे जिंकलेल्यांना मोडण्याचे. आमचे बोर्डिंग मात्र आम्ही मागून, भांडून, वर्गणी काढून मिळवलेले. कोल्हापुरात सर्वांसाठी म्हणून निघालेल्या वसतिगृहात प्रत्यक्षात ब्राह्मण मुलेच राहिली, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ सालच्या मराठा बोर्डिंगापासून जातवार वसतिगृहांना हात दिला. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली दुसरा मार्ग धरला : सर्व जातींची मुले एका छपराखाली, एका चुलीवर. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने आरंभीच्या काळात हाती घेतलेल्या कामांत एक होते सोलापूरचे वसतिगृह. ते ४ जानेवारी १९२५ रोजी सुरू झाले. सभेच्या आश्रयाने विद्यार्थ्यांचे ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही निघाले. भाकरीबरोबर लेखणीही हवी, हे तेव्हाच ठरलेले होते.

म्हणून आमच्या गोष्टीत बंड बोर्डिंगात गेल्यावर सुरू होत नाही. गावची कामे टाकून, पाटलाच्या कपाळावरच्या आठ्या झेलून पोरगे एस.टी.त बसते, तेच पहिले बंड. ते पोर एकट्याने करीत नाही. आई, बाप, कधी थोरली बहीण आपले शिक्षण सोडून ते करते. टॉम ब्राउनच्या बापाला मुलगा शाळेत घालताना कोणाची परवानगी लागली नव्हती.

या बोर्डिंगांनी पुढे काय घडवले ते आपण जाणतो. तेव्हाच्या औरंगाबादेतले मिलिंद महाविद्यालय आणि त्याची वसतिगृहे यांना वगळून दलित साहित्याचा इतिहास लिहिता येत नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह हे तिच्या तरुणांचे बसण्या-उठण्याचे ठिकाण होते. खाटेवरच्या गप्पांतून कविता निघाली आणि कवितेतून मोर्चा निघाला. मैत्री आणि बंड यांची एवढी घट्ट सांगड रग्बीलाही कधी पडली नसेल.

पण एवढे सांगून थांबलो तर तो गौरवग्रंथ होईल. आमच्या बोर्डिंगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

४. पालथी ताटे

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बोर्डिंगात होतो. साल १९७२, दुष्काळाचे. त्या वर्षी आमच्या ताटात अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी असायची आणि बरोबर पाण्यासारखी आमटी. सरकारचे अनुदान दर मुलामागे ठरलेले. मुले कागदावर जास्त आणि पंगतीला कमी. तपासणीला साहेब येणार असले की गावातली पोरे आणून बसवली जात. हे आम्हा नववी-दहावीच्या मुलांना कळत होते.

पंगतीत शेवटच्या ताटावर माझा एक मित्र बसे. तो मातंग समाजाचा. त्याला तिथे बस असे कोणी सांगितले नव्हते. सगळ्यांना ते ठाऊक होते, त्यालाही. आम्ही बाबासाहेबांचा जयजयकार करून जेवायला बसत होतो आणि ते शेवटचे ताट शेवटीच राहत होते. तो मला गणित शिकवी. मी त्याच्या घरी पोस्टकार्ड लिहून देई, कारण माझे अक्षर बरे होते.

एका संध्याकाळी आम्ही ताटे पालथी घातली. भाकरी सुधारेपर्यंत जेवायचे नाही असे ठरले. तीन जेवणे गेली. मग अधीक्षकांनी एकेकाला खोलीत बोलावले. माझ्या मित्राला ते म्हणाले, तुझा अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे, नाव कापले तर कोठे जाशील? तो कोठे जाणार होता? बाप खडी फोडायला दुष्काळी कामावर. नाव कापले की दुसऱ्या दिवशी हाही तिथेच. चौथ्या जेवणाला त्याने आपले ताट उलथे केले आणि खाली मान घालून जेवला.

आम्ही त्याला फितूर ठरवले. त्याच्याशी कोणी बोलायचे नाही असा ठराव झाला. तो मांडणाऱ्यांत मी होतो. आठवडाभरात संप मोडला. भाकरी तीच राहिली, आमटी थोडी घट्ट झाली. तीन मुलांची नावे कापली गेली. माझे राहिले, कारण माझे मामा तालुक्याला मास्तर होते आणि त्यांनी रदबदली केली. मित्राचे नाव तर कापलेच नव्हते. पण त्याच्याशी कोणी बोलेना, शेजारी कोणी वळकटी टाकीना. दिवाळीला तो घरी गेला तो परत आला नाही.

बहिष्कृत हितकारिणीचा वारसा सांगणाऱ्या पोरांनी एका पोरावर बहिष्कार घातला, हे मला फार उशिरा उमगले. आम्ही त्याच्याकडून समान त्याग मागत होतो. पण त्यागाआधी समान जागा दिली नव्हती. ज्याला पंगतीत आम्ही शेवटी बसवले, त्याने बंडात मात्र पहिल्या ओळीत उभे राहावे, अशी आमची अपेक्षा होती. आणि किमतीचा हिशेब केला तर माझ्या बंडामागे मास्तर मामा होते, त्याच्यामागे कोणी नव्हते. त्या बोर्डिंगापुरता मीच टॉम ब्राउन होतो.

५. न लिहिलेला मित्र

आता पुन्हा साहित्याकडे येऊ. आमच्या आत्मकथनांत ‘मी’ ठळक आहे, आई ठळक आहे, भूक ठळक आहे. मित्र मात्र बहुधा धूसर राहतो. याचे कारण आत्मकेंद्रितपणा नव्हे. लिहिणारा तो असतो जो मॅट्रिक पास होऊन पुढे गेला. ज्याचे नाव मध्येच कापले गेले, त्याने लिहिले नाही. टॉम आणि ईस्ट पुढेही एकाच वर्गातले सद्गृहस्थ राहतात. एक हिंदुस्थानात गेला तरी पत्र लिहू शकतो. आमच्याकडे दोन मित्रांपैकी एक साहेब होतो आणि दुसरा सालगडी राहतो. मग पत्र कोणी कोणाला लिहायचे? दया पवारांच्या ‘बलुतं’ची (१९७८) रचना या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. तिथे दगडू बोलतो आणि दया ऐकतो. दोघे एकाच माणसाचे भाग. जुन्या आयुष्याची साक्ष द्यायला जुना सोबती उरत नाही, तेव्हा शिकलेला माणूस स्वतःच्याच मागे राहिलेल्या अर्ध्या भागाशी बोलतो, असा अर्थ मी त्यातून घेतो.

मुलींच्या बाबतीत हे मौन आणखी गडद आहे. नाशिकला शांताबाई दाणी यांनी मुलींच्या वसतिगृहाचे काम केले, त्यांचे ‘रात्रंदिन आम्हा’ आपल्यापुढे आहे. पण वसतिगृहात एकमेकींच्या आधाराने वाढलेल्या मुलींची गोष्ट, झित्काला-शा आणि जुडेविन यांच्यासारखी, आपल्याकडे अजून पुरेशी लिहिली गेलेली नाही. आश्रमशाळेत आपली बोली दाराबाहेर ठेवून आलेल्या आदिवासी मुलामुलींचीही नाही.

हा प्रश्न जुन्या आठवणींचा नाही. महाराष्ट्रात २०१६-१७ पासून, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या खात्यात स्वाधार योजनेचे पैसे जमा करण्याची सोय झाली. गरजू विद्यार्थ्याला तिचा उपयोग आहेच, आणि ती नको असे कोणी म्हणणार नाही. पण खात्यातल्या पैशाला पंगत नसते. भाड्याच्या खोलीत एकटा डबा खाणारा विद्यार्थी ताट पालथे घालील, तर ते कोणाला दिसणार? म्हणून पैशाबरोबर वसतिगृहे मागितली पाहिजेत, आणि असलेल्या वसतिगृहांत शेवटच्या ताटावर कोण बसतो हे आपणच आधी पाहिले पाहिजे.

‘मैत्री आणि बंडखोरी ही कुमारवयाची सार्वत्रिक वैशिष्ट्ये आहेत’ या वाक्याला यापुढे मी एक पुरवणी प्रश्न जोडणार आहे : बंड फसल्यावर कोणाचे नाव कापले गेले, आणि मित्रांनी तेव्हा काय केले? विद्यार्थ्यांनी हा प्रश्न रग्बीला विचारावा, ओमाहांच्या शाळेला विचारावा आणि आपल्या बोर्डिंगालाही विचारावा. ज्यांच्या गावात बोर्डिंग होते त्यांनी जुनी हजेरीपुस्तके मिळाली तर पाहावीत. लाल शाईने कापलेली नावे त्यांत सापडतील. त्यांतले काही जण अजून हयात आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसले, ऐकले आणि उतरवून घेतले पाहिजे. माझ्या मित्राचे गाव मला ठाऊक आहे. हा लेख पुरा करून मी प्रथम तिकडे जाणार आहे.